मधली चित्रं

वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस.
खाली स्क्रूचा कारखाना, वर आम्ही सदतीस जण
काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट लावून बसलेले.
लेथ सुरू झाली की रेघ थरथरायची.
डिकुन्हा सर म्हणायचे, श्वास धर आणि ओढ,
दोन थरथरींच्या मध्ये जागा असते.

पहिलं चित्र त्यांचं. शेवटचंही त्यांचं.
अस्वल हात उचलायला निघतं : एक.
अस्वलाचा हात वर : नऊ.
दोन ते आठ माझी.

घरीही मी मधलाच.
थोरल्याचे शर्ट, धाकट्याचे हट्ट,
आणि लहानपणी मी कसा होतो विचारलं
तर आई जरा थांबायची.

हात सरळ रेषेत वर जात नाही हे तिथे कळलं.
कमानीतून जातो. निघताना रेंगाळतो,
मध्ये सुटतो, पोचताना पुन्हा कचरतो,
उचल मागायला केबिनकडे निघालेल्या माणसासारखा.
म्हणून चित्रं दोन्ही टोकांना दाट, मध्ये विरळ.
डाव्या हाताच्या बोटांत पाच कागद,
फडफडवले की अस्वल जागं व्हायचं.
चित्रामागे साडेचार रुपये.

एकदा मालिकेत बर्फ पडायचा होता.
आम्ही बर्फ पाहिलेला
गोळेवाल्याच्या किसणीखाली.
शेजारच्या थर्माकोलच्या गाळ्यातून मूठभर दाणे आणून
सुरेंद्र आंग्रे स्टुलावर चढला, पंखे बंद केले,
आणि मे महिन्यात, घामाघूम, माना वर करून
आम्ही बर्फ शिकलो.

परदेशातून फॅक्स आला :
बर्फ उत्तम. पण अस्वल मान कशी हलवतंय?
हो म्हणतंय की नाही?
पाहिलं, तर खरंच,
सत्तावीस चित्रं अस्वल म्हणत होतं
बघू, बघतो, करू काहीतरी.
अख्खं ठाणं उतरलं होतं त्या मानेत.
रिटेक. फुकट.

मग संगणक आले.
पहिलं द्या, शेवटचं द्या,
मधलं तो आपणच भरतो, न कचरता.
डिकुन्हा सरांनी पाहिलं, चष्मा पुसला,
वजन कुठाय, एवढंच विचारलं.
टेबलं भंगारात गेली तेव्हा एक काच मागून घेतली त्यांनी.
उथळसरला, गच्चीत,
तिच्यावर आता मसाल्याच्या मिरच्या वाळतात.

माझा वर्ग नौपाड्यात, चष्म्याच्या दुकानावर.
पंधरा मुलं, पंधरा पडदे.
निशिगंधा भोईर विचारते, सर, नोकरी लागते ना?
लागते.
महापेला, ऐरोलीला, रात्रपाळीत.
कुणातरी नायकाच्या पाठीची दोरी पुसायची,
हवेत उडणारा त्याचा केस न् केस कापून काढायचा.
चोवीस फ्रेमांचा एक सेकंद,
तो एक सेकंद तीन दिवस.
लागते आणि सुटतेही.
प्रोजेक्ट संपलं की एका सकाळी
कार्ड लावलं तरी दारावरचा दिवा लालच राहतो.
फी भरून झालेली असते त्यांची,
तरी मी हे पहिल्याच दिवशी सांगतो.
फी भरून झालेली असते, म्हणूनही असेल.

मग चेंडू देतो. उडवा.
सगळ्यांचा उडतो,
पडताना लांबतो, आपटल्यावर चपटतो,
छापील चेंडू.

निशिगंधाचा तीनदा उडून
जमिनीवरून घरंगळत जातो, थांबतो,
आणि थांबल्यावर मागे येतो,
अर्धा इंच.

हे कुठनं आणलंस?
आमच्या घरात असाच येतो, सर.
किसननगरला. फरशी मधोमध खचलीये.
दादा म्हणतो, बिल्डिंगला नोटीस लागलीये,
पण अजून तरी
राहतोय.

बाकीची मुलं आपापल्या पडद्यांत.
मी तिचा चेंडू पुन्हा चालवला, मग एकेक फ्रेम करून.
संगणकाला काही भरू दिलं नव्हतं तिनं.
परतीच्या त्या अर्ध्या इंचात
हातानं काढलेली
सात चित्रं होती.
मोजली.